जुन्या इन्व्हर्टरवर बीएलडीसी पंखे लावावेत की २२० एएचची नवी बॅटरी घ्यावी?

बार्शीकर:
नमस्कार मंडळी. घरी ९०० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह (मेनसारखी गोलाईची नाही, चौकोनी लाट देणारा) इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्यूब्युलर बॅटरी आहे. बॅटरीला पाच वर्षं होत आली. लोड म्हणजे तीन साधे पंखे, ९ वॅटचे चार एलईडी बल्ब आणि वायफायचा राउटर. पूर्वी लाईट गेली की चार तास निघायचे, आता पावणेदोन तासांत इन्व्हर्टर बोंबलायला लागतो. दुकानदार २२० एएचची बॅटरी टाका म्हणतो. त्याच्या साधारण निम्म्या पैशांत तीन बीएलडीसी पंखे (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारे, कमी वीज खाणारे) येतात. आधी काय करावं? स्क्वेअर वेव्हवर हे पंखे चालतात का? संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १७०-१८० वर येतं, त्याचं काय? बोर्डात जुने रेग्युलेटर आहेत. आणि आईला रिमोट जमणार नाही, हीही अडचण आहे.

सहा सेल:
दादा, दोन्ही खरेद्या थांबवा आणि आधी बॅटरी तपासा. दीडशे-दोनशे रुपयांत हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) मिळतो, तो आणा. बॅटरी पूर्ण चार्ज करून चार्जिंग बंद करा, दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि मग सहाही सेलचं रीडिंग कागदावर लिहा. ट्यूब्युलर बॅटरी चांगली असेल तर प्रत्येक सेल १.२२० ते १.२४० च्या आसपास येतो. सगळेच सारखे खाली असतील, समजा १.१८०, तर बॅटरी मेली असं लगेच धरू नका, ती पूर्ण चार्जच होत नसेल. पाच सेल चांगले आणि एकच बराच खाली असेल तर मात्र तो सेल बसला. मग त्या बॅटरीवर पैसे घालू नका.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्म्या बॅटऱ्या इथेच मरतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार शिल्लक असतात. ॲसिड तर अजिबात नको. बॅटरीतून पाणीच उडून जातं, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलं की काही दिवस रीडिंग छान दिसतं आणि प्लेटा खराब होतात. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला. चार्ज होताना आतली पातळी वर येते, त्यामुळे आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन टर्मिनल आणि ट्रॉली खातं. अपवाद एवढाच, की प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील इतकंच आधी घाला, बाकीचं नंतर. उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी कांडी) बघत चला. हे काम करताना जवळ देवाचा दिवा, उदबत्ती काही नको. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

तांब्याची तार:
आता हिशोब. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १४४०. इन्व्हर्टरमध्ये जवळपास पाचवा हिस्सा जातो, म्हणून हाती साधारण ११५० उरतात.

तुमचा आजचा लोड: पंखे ७५ गुणिले ३ म्हणजे २२५, बल्ब ३६, राउटर १२. एकूण २७३ वॅट. ११५० भागिले २७३ म्हणजे चार तास आणि थोडं वर. तुमचे जुने चार तास बरोबर जुळतात.

बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात २८ ते ३२ वॅट घेतो. तीन पंख्यांचे ९०, बाकीचे ४८, एकूण १३८. बॅटरी ठणठणीत असेल तर आठ तास. आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. बॅटरीवर छापलेले १५० एएच सी-२० चे असतात, म्हणजे साडेसात अँपिअरने २० तास काढले तर मिळणारे. २७३ वॅटला बॅटरीतून २८ अँपिअर निघतात, तेव्हा पूर्ण १५० मिळतच नाहीत. १३८ वॅटला १४ अँपिअर लागतात, तिथे बॅटरी जास्त देते.

रात्री पंखा एक-दोनवर ठेवला तर तो ६ ते १० वॅटवर चालतो. साध्या पंख्याला जुना पेटीसारखा रेग्युलेटर असेल तर वेग कमी केल्यावर वाचलेली बरीच वीज त्या रेग्युलेटरमध्येच गरम होऊन जाते.

२२० एएचबद्दल माझं स्पष्ट मत: नका घेऊ. ९०० व्हीएचे बरेच इन्व्हर्टर १० ते १२ अँपिअरनेच चार्ज करतात. बॅटरीला साधारण तिच्या एएचच्या दहावा हिस्सा करंट हवा, २२० ला २२ अँपिअर. तुमच्याकडे लाईट वारंवार जाते, त्यामुळे ती कधी पूर्ण भरणारच नाही आणि अर्धवट चार्जवर राहून प्लेटांवर सल्फेट धरेल. मोठी टाकी आणि बारीक नळ, अशी गत होईल.

डाउनरॉड:
स्क्वेअर वेव्हवर बीएलडीसी चालतो, उलट साध्या पंख्यापेक्षा नीट चालतो. साध्या पंख्याची मोटर सरळ एसीवर असते, म्हणून स्क्वेअर वेव्हवर ती घुंऽऽ करते आणि तापते. बीएलडीसीच्या कार्डात आधी एसीचं डीसी होतं आणि मग मोटरला जातं, त्यामुळे वेव्ह कशी आहे याने मोटरला फरक पडत नाही. फक्त एक बघा. साइन वेव्हचं शिखर ३११ व्होल्टच्या आसपास असतं, स्क्वेअरचं २२० च. म्हणून खोक्यावर इनपुट ९० ते ३०० व्होल्ट किंवा जवळपास तेवढं लिहिलेलाच पंखा घ्या. तोच तुमच्या १७० व्होल्टलाही पुरतो. साधा पंखा त्या व्होल्टेजला रेंगाळतो, बीएलडीसीचा वेग तोच राहतो.

खोक्यावर आणखी दोन आकडे वाचा. १२०० मिमीच्या पंख्याला हवा मिनिटाला २१० घनमीटर किंवा जास्त असावी. काही पंखे वॅट कमी दाखवतात आणि वाराही कमीच देतात. दुसरा आकडा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती कामी येतो ते), ०.९ च्या वर हवा. स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना सक्तीचं आहे, तेव्हा लेबल नसलेला माल हातात सुद्धा घेऊ नका.

रेग्युलेटर काढायचाच. जुना रेग्युलेटर वेव्ह कापतो किंवा मध्ये कंडेन्सर घालतो. बीएलडीसीच्या कार्डाला ते सोसत नाही, कार्ड सारखं बंद-चालू होतं आणि जातं. 'पाचवर ठेवू, मग डायरेक्टच आहे' असं वायरमन म्हणेल, पण पाहुण्यांची पोरं बटण फिरवणारच. पद्धत सोपी आहे: एमसीबी पाडा, इन्व्हर्टरही बंद करा (हे लोक हमखास विसरतात, मेन बंद असला तरी त्या वायरीत करंट असतो), टेस्टरने खात्री करा, रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी सोडवून स्ट्रिप कनेक्टरमध्ये एकत्र कसा. नुसती पीळ मारून टेप नको. रिकाम्या जागेला ब्लँक प्लेट बसवा.

आईंसाठी असं मॉडेल बघा ज्यात भिंतीवरचं बटण पटकन बंद-चालू केलं की वेग बदलतो. दुकानातच पंखा दोनवर लावून बटण बंद करायला सांगा, अर्धा मिनिट थांबून चालू करा. परत दोनवरच आला पाहिजे. नाहीतर रात्री लाईट येऊन-जाऊन पंखा दरवेळी पूर्ण वेगात सुटेल. हॉलमध्ये एकाच कंपनीचे दोन पंखे आणि आयआर रिमोट असेल तर एका बटणावर दोन्ही हलतात, हेही ध्यानात ठेवा.

कंडेन्सर:
मी थोडं वेगळं सांगतो. बीएलडीसीचा कच्चा दुवा म्हणजे त्याचं कार्ड. साध्या पंख्याचा वेग कमी झाला तर २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर पन्नासेक रुपयांत बदलतो आणि पंखा आणखी दहा वर्षं चालतो. बीएलडीसीचं कार्ड त्या-त्या कंपनीचंच लागतं आणि तालुक्याला मिळेलच असं नाही. खेड्यात ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल सुटला की घरात ३००-४०० व्होल्ट येतं, विजांच्या दिवसांत सर्ज येतो. साधा पंखा बऱ्याचदा वाचतो, कार्ड बसतं. म्हणून अर्थिंग तपासा आणि मेन बोर्डात एसपीडी (सर्ज जमिनीत वळवणारं उपकरण) बसवा. अर्थिंगच नसेल तर एसपीडीचा उपयोग नाही.

पंखा बंद पडलाच तर कंपनीकडे धावण्याआधी लक्षण बघा. बटण दाबल्यावर बीप नाही, दिवा नाही, पूर्ण मुका: कार्डावरचा नाण्यासारखा गोल एमओव्ही (जास्त व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) काळा पडून फुटलेला असतो आणि शेजारचा फ्यूज रेझिस्टर उडालेला असतो. वॉरंटी संपली असेल तर टीव्ही दुरुस्त करणारा हे बदलून देतो. बीप येतो पण पाती जागच्या जागी मागे-पुढे झटके खातात: कार्डातून मोटरला जाणाऱ्या तीन वायरींपैकी एक सैल असते. कॅनोपी (रॉडवरची वाटीसारखी झाकणी) उतरवून ते कनेक्टर दाबा, निम्म्या वेळा तेवढ्यातच काम होतं.

माझा सल्ला: दोन खोल्यांत बीएलडीसी लावा, तिसरा साधा राहू द्या.

बार्शीकर:
सगळ्यांचे आभार. रीडिंग घेतलं. पाच सेल १.२२५ ते १.२३५, टर्मिनलपासून तिसरा १.१५०. पाणी सगळ्यांत मार्कपर्यंत आहे. एक सेल बदलून देणारा इथे आहे. बदलू का?

सहा सेल:
एकदा सलग २४ तास चार्जिंगला ठेवा. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर ते ट्यूब्युलरवर आहे ना बघा. फ्लॅटवर (सपाट प्लेटांच्या बॅटरीवर) राहिलं असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज कमी पडतं. नंतर परत रीडिंग घ्या. तिसरा १.२०० च्या वर आला नाही तर तो गेला. सेल बदलू नका. पाच वर्षं झिजलेल्या पाच सेलमध्ये एक नवा घातला की चार्जिंग-डिस्चार्जिंग कधीच सारखं होत नाही, सहा महिन्यांत दुसरा बसतो. नवी घेताना १५० एएचचीच घ्या आणि जुनी एक्सचेंजला देताना वजनावर भाव ठरवा, त्यात शिसं असतं. वरचा छापलेला उत्पादनाचा महिना बघा, दुकानात चार-सहा महिने पडून राहिलेली नको.

डाउनरॉड:
आणि आधी पंखे बदला, बॅटरी मागून आली तरी चालेल. १३८ वॅटवर ही अर्धी मेलेली बॅटरीसुद्धा आजच्यापेक्षा जास्त ओढेल, तोवर बॅटरीचे पैसे जमतील. दिवसाला १२ तास चालणारा एक पंखा वर्षातल्या ३०० दिवसांत साधारण १६० युनिट वाचवतो. युनिटला ८ रुपये धरले तरी पंख्यामागे तेराशेच्या आसपास होतात.

वर पत्रा आहे की स्लॅब? पत्रा असेल तर डाउनरॉड (पंखा टांगायचा दांडा) लांब घ्या. पत्र्याला चिकटलेला पंखा कोणताही असो, वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. पाती जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर येतील असा ठेवा आणि रॉडच्या दोन्ही टोकांच्या स्प्लिट पिना पूर्ण फाकवल्यात का ते स्वतः शिडीवर चढून बघा.