कॅज्युअल्टीला वेगळा एमडी कशाला म्हणणाऱ्यांना

येळ्ळूरकर:
काल इथं एकांनी लिहिलं, "इमर्जन्सी मेडिसिनचा एमडी ही मोठ्या शहरांची चैन. कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, एमबीबीएस बसवा, गरज पडली की तो फिजिशियनला फोन करेल." वाचल्यापासून राग आवरत नाही.

अहो, फोन केला आणि साहेब आले, यांच्या मधेच माणूस जातो! अमेरिकेतही पूर्वी इमर्जन्सी रूममध्ये कुठल्याही शाखेचा डॉक्टर पाळीनं बसायचा. 1970 ला सिनसिनाटीत पहिलं प्रशिक्षण सुरू झालं, 1979 ला इमर्जन्सी मेडिसिन ही तिथली 23 वी शाखा ठरली. आपल्याकडं मान्यता मिळायला 2009 उजाडलं. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत मेडिकल कॉलेजच्या सक्तीच्या विभागांतून हा विभागच गाळला. इमर्जन्सीच्या खाटा हव्यात, विभाग नको. हा कुठला न्याय?

माझे मामा पहाटे पोटदुखीनं उठले. एका दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. थोड्या वेळात पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. मण्यार चावली होती. सूज नाही, दातांची खूण नाही. "रात्री जमिनीवर झोपला होता काय?" एवढं कुणी विचारलं नाही. सगळ्यात आधी जीव कशानं जाईल, हा विचार या शाखेत पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. मामा गेले.

कणकुंबी रोड:
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण माझ्या भावाची मण्यार ओळखली ती पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) साध्या एमबीबीएस मॅडमनी. सापाच्या विषावरची लस शिल्लक होती, लगेच लावली, आणि बेळगावला पोचेपर्यंत स्वतः गाडीत बसून ॲम्ब्यू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत आल्या. त्यांच्याकडं कुठला एमडी होता? आमच्याकडं पावसाळ्यात फोनला रेंज नसते, रस्ता नसतो. तुमचे एमडी बेंगळूर नाहीतर थेट इंग्लंड गाठतात. खानापूरच्या जंगलात कोण येणार सांगा की. जर्मनीत तर ही स्वतंत्र शाखाच नाही, तिथं इतर शाखांचे डॉक्टर जादा प्रशिक्षण घेऊन गाडीतून पेशंटकडं जातात. त्यांचं काय अडलंय?

निवृत्त सिस्टर, चिकोडी:
जर्मनीचं सांगता तर फ्रान्सचंही सांगा. तिथंही डॉक्टर गाडीतून जातो, तरी त्यांनी शेवटी स्वतंत्र शाखा केलीच.

माझी उभी नोकरी कॅज्युअल्टीत गेली. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा. तो निघतो केव्हा? विभागाला मालक असेल तेव्हा. आमच्याकडं दर महिन्याला नवा ड्युटी डॉक्टर. आधी कुणाला घ्यायचं हे जो जास्त ओरडेल त्यावर ठरायचं. अपघाताचा पेशंट असला की "एमएलसी (पोलिसांत नोंद लागणारी केस) आहे, पोलीस येऊदेत". आधी उपचार, कागद नंतर, असं सुप्रीम कोर्टानं 1989 लाच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. ते मी नर्स असून मला डॉक्टरांना सांगावं लागायचं.

निपाणीचा:
डॉक्टरांचं नंतर बघू, गाडीचं बोला. कोगनोळीजवळ हायवेवर अपघात झाला, मी 108 लावला, तो महाराष्ट्रात लागला. ते म्हणाले, तुमची हद्द कर्नाटक, तिकडं लावा. जखमी रस्त्यावर पडलेला! शेवटी टेम्पोतून कोल्हापूरला नेला, बेळगावपेक्षा ते कितीतरी जवळ. महाराष्ट्राच्या 108 मध्ये डॉक्टर असतो, आमच्या गाडीत फक्त टेक्निशियन. 2023 ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या, कर्नाटकातल्या 865 गावांना फुले आरोग्य योजना लागू केली, तर त्यावरही कर्नाटकानं हरकत घेतली.

गोकाककर:
आला सीमाप्रश्न! टाके घालायचा विषय निघाला तरी तुम्ही 865 गावं आणणार. कर्नाटकात 108 सन 2008 पासून आहे, महाराष्ट्रात 2014 ला आली, हेही लिहा. आणि तिकडच्या गाडीतला डॉक्टर बहुतेक बीएएमएस असतो. माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा इथल्याच गाडीतल्या कन्नड टेक्निशियन पोरानं वाटेत सीपीआर देऊन वाचवलं.

निपाणीचा:
त्या पोराला माझा नमस्कार. पण बीएएमएस म्हणून नाक मुरडू नका, रस्त्यावर पडलेल्याला कुणीतरी हवा असतो. आणि सीमा मी काढली नाही. हद्द विचारून गाडी नाकारली, ती कुणी काढली?

गोकाककर:
हद्द विचारणं चूकच. ते मान्य. बाकी काही मान्य नाही.

येळ्ळूरकर:
गाडी कुठल्याही राज्याची असूदे, ती शेवटी कुठल्या दारात उतरते? तिथं कोण उभा असतो? मी तेवढंच विचारतोय. आणि कणकुंबी रोड, त्या मॅडमना लस कशी द्यायची, बॅग कशी दाबायची हे कुणीतरी शिकवलंच असेल ना? इंटर्नला ते कॅज्युअल्टीत शिकवायचं कुणी? विभाग नसेल तर कोण शिकवणार?

कणकुंबी रोड:
शिकवायला विभाग हवा, हे घ्या, मान्य केलं. जिल्ह्याला एक करा. पण त्या विभागातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला निदान काही महिने तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायची अट घाला. नाहीतर तुमचे एमडी शहरातच राहतील आणि आमची पीएचसी आहे तशीच.

निवृत्त सिस्टर, चिकोडी:
पाठवा, पण सोबत व्हेंटिलेटर आणि तो चालवणारी सिस्टरही पाठवा. एकटा डॉक्टर रात्री दोन वाजता काय करणार?

निपाणीचा:
आणि 108 चं? त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.