तालुका वार्ताहरांसाठी वकिलांचं पथक: बातमी छापण्याआधी काय, नोटीस आल्यावर काय?

करवीर_डेस्क

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावांतून बातम्या देणारे बहुतेक वार्ताहर मानधनावर काम करतात. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, मुरूम उपसा, टेंडर यांपैकी कशावरही लिहिलं की आधी फोन येतो, मग वकिलाची नोटीस, आणि कधी थेट पोलीस ठाण्यात बोलावणं. शहरातल्या मोठ्या कार्यालयांना कायदा सल्लागार असतात. आजरा किंवा शाहूवाडीच्या वार्ताहराला कोणी नसतं.

म्हणून काही वकील आणि पत्रकार मिळून एक पथक उभं करतोय. जाणकारांनी कामाचं सांगावं. पोलिसांचा फोन आला तर पहिल्या दिवशी काय करायचं? नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं का? मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यानं नेमका काय फरक पडला? आणि वार्ताहराकडे आधीपासून कुठले कागद तयार असावेत?

बावडा_फौजदारी

फोन आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: गुन्हा नोंद आहे का, आणि कलम कुठलं?

‘तुमच्या बातमीनं साहेबांची बदनामी झाली, ठाण्यात या’ असं असेल तर पाया कच्चा आहे. बदनामी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५६. हा अदखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षं साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. पोलीस फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून तक्रारदाराला न्यायालयाचा रस्ता दाखवू शकतात. खटला चालतो तो बाधित व्यक्तीनं दंडाधिकाऱ्यांसमोर केलेल्या फिर्यादीवर. वार्ताहराला हे ठाऊक नसतं, म्हणून तो जातो, दोन तास बसतो आणि ‘पुन्हा लिहिणार नाही’ असं लिहून देऊन येतो. तो कागद पुढे त्याच्याच विरोधात वापरला जातो. असं काहीही लिहून द्यायचं नाही.

दखलपात्र कलम असेल (१९६ तेढ, ३५३(२) अफवा, १३२ सरकारी कामात अडथळा, ३०८ खंडणी) तर वेगळी तयारी लागते. अटकेची गरज नसेल तेव्हा पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) खाली लेखी नोटीस द्यायची असते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तरीही व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे पाठ फिरवू नका. ‘हजर राहण्यास तयार आहे, रीतसर लेखी नोटीस व एफआयआरची प्रत मिळावी’ एवढं त्याच दिवशी ठाण्याच्या ईमेलवर पाठवा आणि पोच जपून ठेवा. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला लेखी कारणं नोंदवावी लागतात. न पाळणाऱ्याला ते संरक्षण उरत नाही.

साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर ते त्याच संहितेचं कलम १७९. त्यात महिलेला, तसंच ६० वर्षांवरच्या पुरुषाला राहत्या घराखेरीज कुठंही बोलावता येत नाही. आमच्याकडच्या महिला वार्ताहरांना हे कोणी सांगतच नाही.

भाषणस्वातंत्र्याशी जोडलेलं, ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेचं कलम असेल तर एफआयआरपूर्वी कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी झाली का ते पाहा. उपअधीक्षकांची परवानगी आणि १४ दिवसांची मुदत असं ते आहे. अशा प्रकरणांत ही चौकशी करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयानं इम्रान प्रतापगढी निकालात २८ मार्च २०२५ रोजी म्हटलं आहे. ती झाली नसेल तर गुन्हा रद्द करण्याच्या अर्जात हा मुद्दा वर घ्या. एफआयआरमध्ये आयटी ॲक्टचं ६६अ दिसलं तर ते कलमच २०१५ मध्ये रद्द झालंय.

कलमांचे आकडे मात्र जपून. जुन्या सवयीनं ‘४८२’ म्हटलं की गुन्हा रद्द करण्याचा अर्ज डोळ्यांसमोर येतो. १ जुलै २०२४ पासून ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करण्यासाठी ५२८. धावपळीत चुकीच्या शीर्षकाचा अर्ज टाइप होतो आणि दिवस वाया जातो.

सर्किट बेंचचं: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं उच्च न्यायालयाचं काम इथं चालतं. पूर्वी ५२८ सारख्या अर्जासाठी मुंबईचा वकील, रेल्वे, मुक्काम असा खर्च व्हायचा. मानधनावरचा माणूस तिथंच हात टेकायचा. आता ज्या वकिलानं कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात अटकपूर्वचा अर्ज चालवला, तोच कागद घेऊन वर जाऊ शकतो. पथकात उच्च न्यायालयाचं काम करणारा निदान एक वकील असलाच पाहिजे.

अटक झालीच तर कारणं लेखी, त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली का, हे आधी तपासा. ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक १५ मे २०२४ रोजी याच मुद्द्यावर बेकायदा ठरली.

दिवाणी_बाजू

वरचं फौजदारीचं झालं. प्रत्यक्षात वार्ताहराचं कंबरडं मोडतं ते दिवाणी दाव्यानं आणि लांबच्या तारखांनी.

वकिलाच्या नोटिशीला उत्तर द्यायलाच हवं असा कायदा नाही. पण गप्प बसणं क्वचितच फायद्याचं ठरतं. उत्तर दोन पानांच्या आत ठेवा: बातमी कुठल्या कागदांवर आधारलेली आहे, समोरच्याला प्रश्न कधी पाठवले, त्याचा खुलासा छापायची तयारी आहे का. तुमचे सगळे पुरावे उत्तरात ओतू नका. आणि वार्ताहरानं स्वतः रागाच्या भरात फेसबुकवर नोटिशीचा फोटो टाकून टोमणे मारायचे नाहीत. त्यातून हेतू वाईट होता असं दाखवायला समोरच्याला आयतं हत्यार मिळतं.

दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून १ वर्ष, फौजदारी फिर्यादीची ३ वर्षं. म्हणजे कागद निदान ३ वर्षं सांभाळायचे. नोटीस जुनी झाली म्हणून फाइल फेकू नका.

नोटीस आली की कॅव्हेटचा विचार लगेच करा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ. तुमच्या पाठीमागे एकतर्फी मनाई हुकूम मिळू नये म्हणून ते असतं. समोरच्याला त्याची प्रत रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवायची. मुदत ९० दिवस, नंतर नव्यानं दाखल करायचं. इथं घोळ होतो तो न्यायालयाचा. कोल्हापुरात कॅव्हेट दाखल करून निर्धास्त राहिलात आणि दावा गडहिंग्लजला किंवा जयसिंगपूरला पडला, तर ते कॅव्हेट कामाचं नाही. बातमी वेबवर असेल तर समोरचा जागा निवडतो, म्हणून त्याचं कार्यालय आणि वार्ताहराचं राहतं ठिकाण, दोन्हीकडे दाखल करा.

तरीही मनाईचा अर्ज चालला तर २२ मार्च २०२४ चा ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पहिल्याच तारखेला हातात हवा. पुरावा तपासण्याआधीच लेख रोखणारा हुकूम अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा, असं त्यात बजावलेलं आहे.

बचावात एक फरक नीट समजून घ्या. दिवाणीत मजकूर खरा असणं पुरेसं असतं. फौजदारीत खरेपणासोबत सार्वजनिक हितही दाखवावं लागतं. सरकारी अधिकाऱ्याच्या कामावर लिहिलं असेल तर आर. राजगोपाल निकालाचा (१९९४) मोठा आधार आहे: खरंखोटं न पाहता बेपर्वाईनं छापलं नसेल तर अधिकाऱ्याला भरपाई मागता येत नाही. कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या पदाधिकाऱ्याला तोच निकष आपोआप लागेल असं धरू नका. तिथं कागद जास्त भक्कम लागतात.

फौजदारी फिर्याद आली तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २२३ नं एक संधी दिली आहे. दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. त्यासाठी येणारी नोटीस बरेच जण समन्स समजून फक्त तारीख घेतात आणि संधी घालवतात. मुदत टळली आहे, फिर्यादी स्वतः बाधित नाही, मजकूर कलम ३५६ च्या अपवादात बसतो, हे सगळं तिथंच लेखी मांडा.

उपसंपादक_शाहूपुरी

वकिलांनी नोटिशीनंतरचं सांगितलं. माझं म्हणणं आहे की पथकाचा खरा उपयोग बातमी छापण्याआधी आहे. याच कोल्हापूरच्या एका प्रकरणात टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. कोल्हापूर संस्थानचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध छापलेली पत्रं न्यायालयात बनावट ठरली. हेतू स्वच्छ होता, कागद खोटे निघाले. आजही व्हॉट्सॲपवर आलेला ‘अंतर्गत अहवाल’ तसाच छापला जातो.

म्हणून माहिती अधिकारात मिळालेली प्रत साक्षांकित करून घ्या. त्यासाठी अर्जातच ‘साक्षांकित प्रत हवी’ असं लिहा. समोरच्याला प्रश्न ईमेलनं पाठवा, गंभीर आरोपाला निदान ४८ तास द्या, आणि उत्तर आलं नाही तर बातमीत तसं लिहा. ‘अमुक नेत्यानं आरोप केला’ असं म्हटल्यानं सुटका होत नाही, दुसऱ्याची बदनामी पुन्हा छापणारा पण जबाबदार असतो. मजकूर मोजून लिहिलेला असतो आणि शीर्षकात किंवा यूट्यूबच्या थंबनेलवर ‘लुटारू’ येतं. दावा शीर्षकावर पडतो. पथकातल्या वकिलाला शीर्षक आणि थंबनेलसह मजकूर दाखवा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. तालुका वार्ताहर जाहिरातीही आणतो, कारण त्याच्या कमिशनवर त्याचं घर चालतं. दिवाळी अंकाची जाहिरात मागितली, ती मिळाली नाही, आणि पुढच्या महिन्यात त्याच संस्थेवर बातमी आली. बातमी शंभर टक्के खरी असली तरी ‘जाहिरात दिली नाही म्हणून बदनामीची धमकी’ अशी खंडणीची फिर्याद होते. कलम ३०८(२) खाली शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा अजामीनपात्र. उपाय एकच: ज्या संस्थेवर लिहायचंय तिची जाहिरात त्या वार्ताहरानं मागायची नाही. जाहिरातीचं बोलणं कार्यालयाच्या नंबरवरून, बिल कार्यालयाचं, पैसे कार्यालयाच्या खात्यावर. स्वतःच्या फोनपेवर एक रुपयाही नको. मालकांनी वार्ताहरांवर जाहिरातीचं टार्गेट लादणं बंद केलं तर यातले निम्मे धोके जातील, हे मी ठामपणे सांगतो.

दुसरं म्हणजे नेमणूकपत्र. हल्ला झाला तर २०१७ च्या महाराष्ट्राच्या पत्रकार संरक्षण कायद्यानं ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. पण माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करतो हे दाखवावं लागतं. ओळखपत्राची मुदत संपलेली, पत्र कधी दिलेलंच नाही, अशा वेळी ठाण्यात साध्या मारामारीचं कलम लागतं. पथकानं पहिलं काम हे करावं: प्रत्येक वार्ताहरासाठी एका पानाचं पत्र, सही-शिक्क्यासह, दरवर्षी नवं.

भुदरगड_वार्ताहर

साहेब, एक शंका. माहिती देणाऱ्याचं नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकतात का? आणि मूळ कागद, पेनड्राइव्ह वकिलांच्या ऑफिसात ठेवला तर तो सुरक्षित राहतो ना?

बावडा_फौजदारी

दादा, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथं मोठा गैरसमज आहे. वकिलाशी झालेलं तुमचं बोलणं साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नं संरक्षित आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तपास अधिकाऱ्यांनी वकिलांना परस्पर समन्स काढण्यावर बंधनं घातली. पण त्याच निकालात वकिलाकडे ठेवलेले कागद या संरक्षणात येत नाहीत असंही म्हटलंय. पेनड्राइव्ह वकिलाकडे दिला म्हणून तो अदृश्य होत नाही.

स्रोताचं नाव: आपल्याकडे पत्रकाराला नाव न सांगण्याचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा नाही. प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) आहे, पण ते फक्त कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. स्रोताचं संरक्षण हा वृत्तपत्र स्वातंत्र्याचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या पेगासस (फोनवरच्या पाळतीच्या) आदेशात मान्य केलं, तो आधार वकील घेऊ शकतो. खरं संरक्षण तुमच्या हातात आहे. स्रोताचं नाव फोनमध्ये खऱ्या नावानं ठेवू नका, आलेला कागद स्वतः टाइप करून किंवा खुणा झाकून वापरा, मूळ संभाषण गरज संपली की साठवून ठेवू नका. हे सगळं बातमीआधी. नोटीस किंवा गुन्हा आल्यावर काही पुसलंत तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो.

तुमच्या बचावाच्या रेकॉर्डिंगचं उलट. मूळ फाइल ज्या फोनवर केली त्यातच राहू द्या, हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) काढून तारखेसह लिहून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. एडिट केलेली क्लिप घेऊन उभं राहिलात तर टिकत नाही.

फोन जप्त करत असतील तर अडवू नका, झटापट झाली की न्याय संहितेचं १३२ (सरकारी कामात अडथळा) लागतं. पंचनाम्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), सील आणि शक्य तर हॅश लिहून घ्या, जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे होतंय का विचारा, प्रत मागा. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, म्हणून तिथं ‘वकिलांशी बोलून सांगतो’ एवढंच म्हणा. फोन परत मिळवायला त्याच संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज लगेच टाकायचा, खटला संपायची वाट पाहायची नाही.

करवीर_डेस्क, पथकासाठी काही गोष्टी. आपल्याकडचे बरेच चांगले वकील कुठल्या ना कुठल्या बँकेच्या, कारखान्याच्या, दूध संस्थेच्या पॅनेलवर आहेत. कोण कुणाचं काम घेऊ शकत नाही ही यादी आधीच लेखी करा, नाहीतर रात्री अकरा वाजता फोन केल्यावर ‘ते माझे पक्षकार आहेत’ असं ऐकावं लागेल. आणि वकिलांच्या नंबरचं कार्ड फक्त वार्ताहरांपुरतं ठेवा, पोस्टर करून वाटलंत तर बार कौन्सिलच्या जाहिरातबंदीचा नियम आडवा येईल. ज्याला फी झेपत नाही त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि कोठडीतली व्यक्ती यांना तिथं उत्पन्नाची अट नाही. सही केलेली कोरी वकीलपत्रं दोन-तीन प्रत्येक वार्ताहराच्या फाइलमध्ये आधीच ठेवा. शनिवारी संध्याकाळी अटक झाली की रविवारच्या रिमांडला तीच लागतात.