शब्दचर्चा: ‘बहुमितीय’ की ‘बहुआयामी’? (नागपूरकरांची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या वस्त्यांवरून)

धरमपेठ: मंडळी, अडले आहे. संत्र्यांच्या नमुन्यांचा एक तक्ता हाताशी आहे. प्रत्येक फळाचे सात रकाने: वजन, व्यास, सालीची जाडी, रस, गोडी, आंबटपणा, बिया. हे सगळं एका नजरेत कसं दाखवता येतं, यावर बागायतदारांसाठी मराठी भित्तिपत्रक करतेय. पहिल्याच ओळीत गाडी थांबली. ‘मल्टिडायमेन्शनल’ला काय लिहू? सहकारी म्हणतात ‘बहुआयामी’. मला तो शब्द वाचला की शाल आणि श्रीफळ दिसतं.

महाल: बरोबर दिसतं. ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ सत्काराच्या पत्रिकेतच शोभतं. शिवाय शाळेच्या विज्ञानात आयाम म्हणजे तरंगाचा आयाम, तो अर्थ आधीच घेतलेला आहे. ताई, ‘बहुमितीय’ लिहा. मिती आली ‘मा’ धातूतून, मा म्हणजे मोजणे. भूमिती, परिमाण, प्रमाण, अनुमान ही सगळी एकाच घरची भावंडं. डायमेन्शन म्हटलं की लोक दिशा शोधू लागतात आणि चौथी दिशा कुठं असते म्हणून डोकं धरून बसतात. मिती म्हणजे मोजमाप एवढंच धरा, मग सात मितींचं संत्रं यात गूढ काही नाही. एक रकाना, एक मिती.

इतवारी: पण पोरा, आमच्या बाजारात मिती म्हणजे तिथी. जुन्या वह्यांत ‘मिती चैत्र शुद्ध’ अशीच सुरुवात असायची. हुंडी मुदतीआधी वटवली की सूट कापायचे, तो मितीकाटा. आमचे वडील असते तर ‘बहुमितीय’ वाचून म्हणाले असते, किती तारखांची उधारी आहे बे ही?

महाल: काका, तीही मोजणीच ना. दिवसांची.

धरमपेठ: मिती ठरली. आता तंत्रांची नावं. सोपं आधी: दोन-दोन मिती घेऊन ठिपके मांडायचे. सात मितींच्या 21 जोड्या होतात, तेवढ्या चौकटी. पुस्तकी ‘विकीर्ण आकृती’ सोडून ‘ठिपके-आलेख’ लिहिलंय. पुढचं अवघड आहे. सात उभे अक्ष शेजारी-शेजारी उभे करायचे आणि प्रत्येक संत्र्याची एक वाकडीतिकडी रेघ सातही अक्षांना शिवत न्यायची. मोरिस दोकान्य या फ्रेंच गणितज्ञाने 1885 मध्ये समांतर अक्षांवर लिहिलं होतं. विसाव्या शतकात आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी ते तंत्र रुजवलं. ‘समांतर निर्देशक’ हे नाव अचूक आहे, पण काटोलच्या बागेत कोण वाचणार?

गोळीबार चौक: ताई, आमच्या घरी हातमाग होता. उभे धागे ताणा, आडवे बाणा. तुम्ही सांगता ते चित्र म्हणजे ताणाबाणाच आहे, फक्त बाणा सरळ न जाता वरखाली होतो. दोन शेजारच्या अक्षांमध्ये रेघा एकमेकींना फुलीसारख्या कापत असतील, तर तिथं नातं उलटं: एक वाढलं की दुसरं कमी. रेघा साधारण समांतर गेल्या तर दोन्ही सोबत चढतात-उतरतात. मात्र हे फक्त शेजाऱ्यांमध्येच दिसतं. गोडी आणि आंबटपणा यांच्या मधे बिया आणून बसवल्या की ते नातं झाकलंच. म्हणून अक्षांचा क्रम बदलून-बदलून पाहावा लागतो.

धरमपेठ: ‘ताणाबाणा आलेख’. घेतला! खाली बारीक अक्षरात ‘समांतर निर्देशक’ टाकीन, म्हणजे प्राध्यापकही खूश. चेरनॉफचे चेहरेही आहेत, 1973 चे. आकड्यांवरून तोंडाची रुंदी, भुवयांचा तिरकेपणा वगैरे ठरवायचं.

इतवारी: संत्र्याला भुवया? राहू दे बाई.

धरमपेठ: राहू दिलं. पण ‘प्रोजेक्शन’ लागणारच. कार्ल पिअर्सनची 1901 ची पद्धत, ‘प्रमुख घटक विश्लेषण’, त्याशिवाय समजावता येत नाही. ‘प्रक्षेपण’ लिहू?

महाल: प्रक्षेपण म्हटलं की एकतर दूरदर्शन, नाहीतर अग्निबाण. ‘पडछाया’ लिहा. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात हात फिरवून बघा, एका कोनात पाचही बोटं दिसतात, दुसऱ्या कोनात नुसती काठी. ज्या कोनातून पडछाया सर्वांत पसरट पडते तो शोधायचा, एवढीच ती पद्धत. एक पथ्य आहे. वजन ग्रॅममध्ये, साल मिलिमीटरमध्ये, आणि तसंच घातलं तर वजनच सगळी सावली व्यापून बसतं. आधी सगळे रकाने एका पट्टीवर आणा. त्याला ‘प्रमाणीकरण’ मात्र नका म्हणू, तहसीलीत जाऊन शिक्का मारून आणायचाय असं वाटतं. ‘समपट्टी करणे’ चालेल.

कळमना: नव्या पद्धतींचं काय? टी-एसएनई, यूमॅप, या अनेक मितींचे ठिपके संगणकाने सपाट कागदावर बसवायच्या पद्धती? त्यात तर पडछायाही नसते.

धरमपेठ: तिथंच अडलेय. टी-एसएनई 2008 ची, व्हॅन डर मातेन आणि हिंटन यांची. यूमॅप 2018 ची. ठिपक्यांचे सुंदर घोळके दिसतात, पण अक्षांवर एककच नसतं. मग त्याला आलेख कसं म्हणू?

कळमना: एक संत्रं सोला आणि साल टेबलावर सपाट दाबा. फाटतेच. शेजारचे कण बरेचसे शेजारीच राहतात, पण जिथं फाटली तिथले दोन काठ उगाच लांब जातात. तसंच आहे हे. जवळचे जवळ राहावेत एवढीच धडपड. दोन घोळक्यांमधल्या मोकळ्या जागेला पट्टी लावून ‘हे वाण त्या वाणापासून इतकं दूर’ म्हणणं चूक.

महाल: म्हणजे ‘नकाशा’ही नको. नकाशा म्हटला की लोक अंतर मोजणारच.

धरमपेठ: ‘शेजारचित्र’?

महाल: वा. कोशात नसेल, पण अर्थ पुरेपूर आहे.

कळमना: हाव, चालते. चित्राच्या खालीच लिहा: मोकळी जागा मोजू नये.

गोळीबार चौक: आणि डेटाला ‘विदा’ लिहिणार का?

धरमपेठ: नागपुरात? ‘बहुमितीय विदा’ वाचून लोक विचारतील, कोणाची पाठवणी आहे? डेटाच ठेवतेय.