मदत हवी: विहिरीत ४२ फुटांवर लाल माती लागली, थांबू का?

वावरवाला: वरून काळा गोटा फोडत आलो, आता ४२ फुटांवर विटकरी लाल माती, दीड फूट जाड. ठेकेदार म्हणतो तळ लागला, बंद करा. उद्या क्रेन नेतो म्हणतो. लवकर सांगा राजेहो.

पूर्णाकाठ: गाव कोणतं? पाणी आहे का? आमच्या दर्यापूरकडे कितीही खोदा, खारंच.

नारळवाला: पानाड्या बोलवा भाऊ. आमच्या काकाच्या हातात नारळ उभा राहिला की पाणी हमखास.

गोटेमार: नारळ फोडून खा. भाऊ, तो काळा गोटा म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून निघाला, थरावर थर चढले. मधे उसंत मिळाली की खालच्या थराचा माथा उन्हापावसात कुजून लाल माती व्हायची, मग त्यावर नवा लाव्हा. म्हणजे हा तळ नाही, खालच्या थराचा माथा आहे. त्याखाली बहुतेक सच्छिद्र गोटा लागतो. छिद्रं पांढऱ्या दाण्यांनी बुजलेली असली तर मात्र पाणी कमी.

लोणारवाला: विदर्भातला खरा ज्वालामुखी आमचं लोणार.

गोटेमार: नाही हो. लोणार उल्केनं झालं. ती आदळली तो दगड तेवढा लाव्ह्याचा.

धानवाला: सारा विदर्भ काळा गोटा नाही. आमच्या गोंदियातल्या दरेकसाकडचा रायोलाईट दगडही ज्वालामुखीचाच, पण तुमच्याहून लय जुना. २५० कोटी वर्षांच्या आसपास.

पूर्णाकाठ: त्यानं यांच्या विहिरीला पाणी लागते काय?

धानवाला: माहिती दिली बाप्पा, चिडता काहून?

वावरवाला: दारव्हा तालुका. मातीच्या अगदी वर करंगळीएवढी धार आहे. पाणी आहेच, पुरत नाही म्हणून तर खोदतो.

गोटेमार: हे पहिल्याच ओळीत सांगायचं! वरच्या भेगांतलं पाणी माती अडवते, म्हणून धार तिथं. आता ती भिजून फुगेल, निसटेल, अन् वरचा गोटा अधांतरी राहील. मातीला चौफेर बांधून घ्या, तोवर खाली माणूस उतरवू नका. मग पाच-सहा फूट जाऊन पाहा.

नारळवाला: काकाला विचारून सांगू का?

वावरवाला: रातोरात गवंडी कुठून आणू? क्रेनवाला सकाळी ७ ला येते.

पूर्णाकाठ: त्याचं ठरलं कसं, रोजानं की फुटानं?