मारिया फुल ऑफ ग्रेस (२००४) कुणी पाहिलाय का? कोकेनवरचा असून गोळीबार नाही म्हणे

रविवारचा_शो:
मंडळी, कोकेनच्या धंद्यावरची नार्कोस मालिका झाली, त्याच्यामागून नार्कोस मेक्सिको पण झालं, आता त्यातल्या कोलंबियन डॉन एस्कोबारची मिशी स्वप्नात येते. पण एवढं बघून मला धंदा काही कळला नाही राव. सगळीकडे डॉन, त्याचा बंगला, त्याच्यामागे लागलेले अमेरिकन पोलीस. माल कोलंबियातल्या बोगोटाहून न्यूयॉर्कला जातो तो नक्की कोणाच्या जिवावर जातो, ते कुणी दाखवतच नाही. ऑफिसातल्या एकीने हा सिनेमा सुचवला. इथे शोधलं तर एकही धागा नाही याच्यावर. बघण्यासारखा आहे का? आणि कोकेन भरलेल्या गोळ्या गिळून पोटातून न्यायचा प्रकार यात आहे म्हणे, तो खरा आहे की फिल्मी? शेवट सांगू नका प्लीज.

खिडकीतली_सीट:
बघच. जोशुआ मार्स्टनचा हा पहिलाच सिनेमा, माणूस अमेरिकन पण सिनेमा जवळपास सगळा स्पॅनिशमध्ये. कॅटालिना सँडिनो मोरेनोचं पण पहिलंच काम, त्याला थेट ऑस्कर नामांकन आणि बर्लिनला बेस्ट ॲक्ट्रेस, तेही चार्लीझ थेरॉनबरोबर वाटून.

मारिया १७ वर्षांची, कोलंबियात गुलाबाच्या फार्मवर काटे काढायचं काम करते. दिवस गेलेत म्हणून मळमळतंय, सुपरवायझर बाथरूमला सोडत नाही, शेवटी फुलांवरच उलटी होते आणि तीच फुलं धुवायला लावतात, मग ती काम सोडते. घरी पैसे हवेत, बॉयफ्रेंडला लग्न करायचंय पण त्यात काही जीव नाही, आणि मग मोटारसायकलवाला एक पोरगा 'प्रवास करायचं काम आहे' म्हणून घेऊन जातो. जबरदस्ती कुणी करत नाही हो, माल देणारा म्हातारा तर अगदी काकासारखा प्रेमाने बोलतो. एक गोळी कमी भरली तर घरच्यांचं काय होईल हे पण त्याच आवाजात सांगतो. ती आधी मोठी द्राक्षं अख्खी गिळून सराव करते, मग ६२ गोळ्या. विमानात जे होतं ते सांगत नाही, पण मी पाय वर घेऊन बसले होते.

आणि फिल्मी अजिबात नाही. न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन हाइट्सला कोलंबियन वस्ती आहे, तिथे डॉन फर्नांडो म्हणून एक माणूस दिसतो सिनेमात (हा 'डॉन' गुंड नाही, स्पॅनिशमध्ये मानाने तसं म्हणतात). ते काम ऑर्लँडो टोबोनने केलंय, तो खरोखर तिथला ट्रॅव्हल एजंट. पोटात गोळी फुटून मेलेल्या शेकडो लोकांचे मृतदेह वर्गणी काढून त्याने मायदेशी पाठवले. म्हणजे तो तिथे ॲक्टिंग करतोय असं म्हणवत नाही. कोलंबियातल्या भागाचं शूटिंग मात्र बहुतेक इक्वेडोरमध्ये झालं, कोलंबियात तेव्हा धोका होता.

मावळचा_गुलाबवाला:
आमचं पॉलीहाऊस आहे, त्यामुळे मी तो फार्मचा भागच दोनदा बघितला 😀 ग्रेडिंग, बंच बांधणं, जानेवारी संपताना व्हॅलेंटाईनच्या ऑर्डरीची मारामार, सगळं ओळखीचं. पण एक गोष्ट सिनेमा बोलून दाखवत नाही ती सांगतो. अमेरिकेने १९९१ ला एक कायदा केला, कोलंबिया वगैरे देशांतल्या मालावरची ड्युटी काढली, त्यात फुलंपण होती, कारण लोकांनी कोकाचा (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं ते झुडूप) नाद सोडून दुसरं काहीतरी करावं. म्हणजे कोकेनवर उतारा म्हणून जो धंदा वाढवला त्याच धंद्यातली पोरगी रोजीला वैतागून कोकेन पोटात घालून निघते, आणि गुलाब पण अमेरिकेलाच चाललेत. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं का माहीत नाही, पण मला तिथंच सिनेमा कळला.

खडूस_काका:
सगळे कौतुकच करताय म्हणून लिहितो. दुसरा अर्धा भाग मला रेंगाळलेला वाटला, नुसते फ्लॅट आणि रडारड. आणि धंदा समजून घ्यायचाय तर यात पैसा जातो कुठे ते दिसतच नाही. त्यापेक्षा झिरोझिरोझिरो बघा (२०२०), आठच भाग. घेणारे इटलीतले कॅलाब्रियाचे, विकणारे मेक्सिकोचे, मधले दलाल म्हणजे न्यू ऑर्लिन्सचं एक जहाजवालं कुटुंब. हॅलापिनो मिरच्यांच्या डब्यांतून माल निघतो आणि कंटेनर सेनेगल, माली करत फिरत बसतो. याला म्हणतात आंतरराष्ट्रीय व्यापार.

खिडकीतली_सीट:
काका, ती मालिका भारीच आहे, वाद नाही. पण तिथे पण शेवटी मालकच दिसतात की. रविवारने विचारलंय की माल कोणाच्या जिवावर जातो.

कोर्टकचेरी:
खरं-खोटं विचारलंय म्हणून. मुंबई एअरपोर्टला अशा केसेस होतच असतात, पोटात कॅप्सूल असलेला प्रवासी धरला की जेजेला भरती. सिनेमात कस्टमवाल्यांना मारियाचा संशय येतो पण ती गरोदर निघते म्हणून एक्स-रे काढता येत नाही. आपल्याकडे प्रवाशाने स्वतः तयारी दाखवली नाही तर एक्स-रेसाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, कस्टम्स ॲक्ट कलम १०३. आणि कोकेन १०० ग्रॅम झालं की एनडीपीएसखाली (अमली पदार्थांचा कायदा) कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्यासाठीचं प्रमाण, कमीत कमी १० वर्षं, जामीन जवळपास विसरा. पोटातून आणणारा ती मर्यादा सहज ओलांडतो. ज्याने पाठवलं तो कागदावर बहुतेक वेळा नुसता 'फरार'.

वसईची_पोर:
पोस्टर पाहिलंत का कुणी? ती मान वर करून तोंड उघडून आहे आणि वरून हातात ती गोळी येतेय, अगदी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी जिभेवर परमप्रसाद घेतो तसं. माझी आई ते बघूनच टीव्ही बंद कर म्हणाली होती. नंतर आम्ही दोघींनी मिळून पाहिला आणि ती माझ्यापेक्षा जास्त रडली, मारियासाठी नाही, ल्युसीसाठी. ल्युसी कोण ते बघितल्यावर कळेल.

रविवारचा_शो:
धन्यवाद सगळ्यांना. गुलाबवाले, तुमचा मुद्दा जबरी. आज मारिया, काकांची मालिका पुढच्या आठवड्यात. १०१ मिनिटंच आहे म्हणजे रात्री जेवताना होऊन जाईल.

खिडकीतली_सीट:
जेवताना नको!! जेवून दोन तासांनी बघ. आणि इंग्लिश डब मिळालं तरी घेऊ नकोस, स्पॅनिशच लाव, खाली सबटायटल.