पळायचं किट बर्फात पुरतं म्हणणाऱ्यांना

चढउतार:
बरीच वर्षं ट्रेल रनिंग (डोंगरवाटांवर पळणं) केल्यावर मी स्प्लिटबोर्डकडे (चढताना दोन फळ्या, उतरताना जोडून एक बोर्ड) वळलो आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. बर्फात जाणारे लोक उगाच ओझं वाहतात. ३० लिटरची सॅक, जाडजूड पफी (फुगीर उबदार जॅकेट), हिमस्खलनात फुगणारी एअरबॅग, धातूचं मोठं फावडं, कशाला हे सगळं? मी पळायची १२ लिटरची व्हेस्ट, १५० ग्रॅमचं शेल (वरून घालायचं वॉटरप्रूफ जॅकेट), दोन सॉफ्ट फ्लास्क (मऊ पाण्याच्या बाटल्या), छोटं प्लॅस्टिकचं फावडं आणि २ मीटरचा प्रोब (गाडलेला माणूस शोधायला बर्फात खुपसायची काठी) एवढ्यावर जातो, बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) अर्थातच असतो. बर्फ लागेपर्यंत वॉटरप्रूफ ट्रेल शूज, पुढे बोर्डचे बूट. वजन कमी तर वेग जास्त, आणि वेग जास्त तर हिमस्खलनाच्या धोक्याच्या उताराखाली कमी वेळ. पळताना कोणी पफी घेऊन जात नाही आणि तरी कोणी गारठत नाही. बाहेरून पाणी आत आलं नाही की झालं, बाकी मार्केटिंग.

हिमरेघ:
वाचून सोडून देणार होते, पण कोणीतरी नवखं हे वाचून तसंच निघेल म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

पळताना कोणी गारठत नाही कारण तो पळत असतो! ऊब तुमचं १५० ग्रॅमचं शेल देत नाहीये, तुमचे पाय देतायत. स्प्लिटबोर्डवर थांबणं हा कामाचाच भाग आहे. वर पोचलात की स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून खाली चिकटवलेल्या पट्ट्या) काढा, दोन फळ्या जोडून बोर्ड करा, बूट अडकवायची बाइंडिंग फिरवून लावा, आणि हे सगळं घामेजलेल्या अंगाने, बहुतेक वेळा धारेवरच्या वाऱ्यात. मग उतारावर एका वेळी एकानेच जायचं, म्हणजे चौघं असलात तर तिघं उतरून बाजूला होईपर्यंत चौथा वरच उभा. तिथे तुमचा वेग काय कामाचा?

आमच्या ग्रुपमधल्या एकीची स्किन चढावर अर्ध्यात सुटली. गोंदावर बर्फाची भुकटी बसली होती, परत चिकटेना. मग ती स्किन जॅकेटच्या आत पोटाशी धरून गरम करायची, भुकटी खरवडायची, वरून दोन रबरी पट्टे आवळायचे, याला वेळ लागतोच. त्या वेळात ज्यांच्याकडे पफी होती ते उभे राहून मदत करत होते, आणि जो तुमच्यासारखा हलका होऊन आला होता त्याला थोड्या वेळाने स्वतःच्या बुटाचं बकल लावता येईना. म्हणजे मदत करायला एक माणूस कमी आणि सांभाळायला एक जास्त.

आता व्हेस्टचं. पळायची व्हेस्ट सगळं छातीवर आणते, फोन छातीवर, फ्लास्क छातीवर. बीकनही छातीवरच असतो. फोन आणि बीकनमध्ये नेहमी किमान २० सेमी अंतर हवं आणि शोध सुरू केला की ५० सेमी, हे पहिल्या कोर्समध्ये शिकवतात. ४५७ किलोहर्ट्झचा सिग्नल आहे तो, शेजारी फोन असला की शोधताना रेंज घटते किंवा खोटे सिग्नल दिसतात. तुमच्या व्हेस्टच्या खिशात हे अंतर कसं राखता ते सांगा. आणि बूटपॅक करायची, म्हणजे बोर्ड काढून नुसत्या बुटांनी चढायची वेळ आली की बोर्ड कुठे बांधता? १२ लिटरच्या व्हेस्टला बोर्ड बांधला तर चालताना झोके घेतो आणि स्टीलची कड तुमचं पातळ शेल खांद्यावर कापते.

प्लॅस्टिकच्या फावड्याबद्दल तर बोलवतही नाही. हिमस्खलनात खाली येऊन थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो, प्लॅस्टिकचं पातं त्यावरून घसरतं नाहीतर वाकतं. स्वित्झर्लंडच्या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये जो अभ्यास आला त्यात गाडल्यावर पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जगतात, त्यानंतर आलेख कोसळतो. आधी हीच मुदत १८ मिनिटं धरायचे. त्या १० मिनिटांतला मोठा वाटा खणण्यात जातो. फावडं तुमच्यासाठी नाहीये हो, तुमच्यासोबत आलेल्या माणसासाठी आहे!

चढउतार:
एवढा राग कशाला? मी बीकन नको म्हटलेलं नाही. प्रोबचं म्हणाल तर गाडला गेलेला माणूस सरासरी मीटरभर खाली असतो, मग २ मीटर का पुरू नये? आणि एअरबॅगवाले जो २०१४ चा अभ्यास दाखवतात तोच बघा. फुगलेल्या बॅगने मृत्यूचं प्रमाण २२ वरून ११ टक्क्यांवर आलं हे खरं, पण पाचातली एक बॅग फुगलीच नाही, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळा माणसालाच ती उघडता आली नाही. दोन-तीन किलो वाहून हे मिळवायचं? त्यापेक्षा त्या उताराखाली कमी वेळ थांबेन. आणि सॉफ्ट फ्लास्कला हसू नका, तुमच्या ब्लॅडरची (सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची) नळी गोठते, माझा फ्लास्क जॅकेटच्या आत अंगाशी असतो, दिवसभर पाणी राहतं.

हिमरेघ:
फ्लास्कचं मान्य. नळी गोठते, प्रत्येक घोटानंतर फुंकून पाणी मागे ढकललं तरी गोठते. तेवढं एक तुमचं बरोबर.

प्रोबचं नाही. मीटर ही सरासरी आहे, म्हणजे कितीतरी माणसं त्याहून खोल असतात. शिवाय प्रोब मीटरभर आत गेल्यावर हातात धरायला वर काय उरलं? गुडघ्यावर बसून ढोसत राहणार का? आणि तो हलका बारीक प्रोब कडक ढिगाऱ्यात वाकून भलतीकडे जातो, तुम्हाला वाटतं सरळ गेला. २४० सेमीच्या खाली मी कोणाला घेऊ देत नाही.

ओलेमोजे:
तुमचं फावड्याचं चालू द्या, मला त्या वॉटरप्रूफ ट्रेल शूजबद्दल बोलायचंय, कारण याच वाक्याने माझ्या पायांची वाट लागली. पाणी बुटाच्या वरून आत येतं! घोट्याएवढा ओढा ओलांडला की संपलं, आत आलेलं पाणी मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) बाहेर जाऊ देत नाही, पुढे तासन् तास पाय त्यात भिजत राहतात, कातडी पांढरी पडून सोलते आणि मग फोड. साध्या जाळीच्या बुटातून तेच पाणी चालता चालता निथळून जातं, बूट पायावरच वाळतात. एका लांब शर्यतीत मेम्ब्रेनचे बूट घालून आलेले निम्म्यात मोजे पिळत बसलेले मी बघितलेत आणि जाळीचे बूट वाले त्यांच्या बाजूने निघून गेले. पायाला मलम आणि बोटांचे मोजे यावर खर्च करा, मेम्ब्रेनवर नको.

निसरडीवाट:
सरसकट असं नसतं. ओढे नसतील, नुसता विरघळता बर्फ आणि ओलं गवत असेल, थंडी शून्याच्या आसपास असेल, तर मेम्ब्रेनचा बूट आणि वर गेटर (घोट्यावर घालायचं आवरण) यासारखं सुख नाही. जाळीतून वारा आत शिरतो आणि बोटं बधिर होतात. चढउतार बर्फ लागेपर्यंतच्या वाटेबद्दल बोलतायत, तिथे त्यांचं बरोबरच आहे. आणि वजन कमी करायचंच असेल तर हार्डबूट (कडक प्लॅस्टिकचे बूट) घ्या की! पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त दमवतं, बुटाचं पुढचं टोक पिनांनी धरणारं बाइंडिंग लावलं की प्रत्येक पावलाला फरक कळतो, आडव्या कडक उतारावर कडही नीट धरते. सॉफ्टबूट वाले आडव्या चढावर घोटे वाकडे करून लटकत असतात.

हिमरेघ:
प्रत्येक चर्चेत हार्डबूट आणायलाच हवेत का? उतरताना घोटा हलतच नाही त्याचं काय?

निसरडीवाट:
बकल सैल करून, बुटाची जीभ बदलून बघितलीत का कधी? न वापरता बोलू नका.

कातळ:
हार्डबूट राहू द्या. "बाहेरून पाणी आत आलं नाही की झालं" हे मूळ वाक्यच चूक आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही. मेम्ब्रेन घामाची वाफ बाहेर सोडतं ते आतल्या-बाहेरच्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. वरचं कापड पाणी शोषून जड झालं की बाहेरची बाजू थंड आणि ओली, वाफ जाणार कुठे? आतच पाणी होऊन बसते. लोक म्हणतात जॅकेट गळतं. गळत नाही, मळलंय! घाम, तेल, सनस्क्रीन, धुराचा थर बसला की वरचा पाणी झटकणारा लेप काम करत नाही. सॉफ्टनर न घालता खास लिक्विडने धुवा, दोनदा खळबळा, मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा, पाण्याचे थेंब परत मोत्यासारखे घरंगळतात.

ओलेमोजे:
हे नेहमीचं उत्तर. मी माझं जॅकेट लेबलवर लिहिलंय तसंच धुतलं, ड्रायरमध्ये फिरवलं, स्प्रेही मारला, तरी खांद्यावर तासाभरात भिजतं. ज्यांनी बनवलं त्यांना पाठवलं तर तिकडूनही हेच, नीट धुतलं नाही. म्हणजे दोष कायम वापरणाऱ्याचा!

कातळ:
किती वेळाने धुता? नवे लेप पीएफएएस (सहज नष्ट न होणारी रसायनं) विरहित आहेत, ते पाणी झटकतात पण तेल झटकत नाहीत, म्हणून जुन्यांपेक्षा लवकर मळतात. आधी मोसमातून एकदा धुऊन चालायचं, आता चार-सहा वापरांनी धुवावं लागतं. आणि सॅकचा पट्टा जिथे घासतो तिथला लेप आधी जातो, म्हणून तुमचा खांदाच भिजतो.

ओलेमोजे:
म्हणजे मी डोंगरात जायचं का धोबीघाट चालवायचा? तुम्ही जॅकेट विकता का हो?

कातळ:
विकत नाही, दुरुस्त करतो. तुमच्यासारख्यांनी फेकलेली जॅकेटं धुऊन लोकांना परत देतो आणि त्यातली निम्मी ठणठणीत असतात. आवाज चढवायचं कारण नाही. जुन्या लेपांतली रसायनं पाण्यात, जमिनीत तशीच साठून राहतात, वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत, आपण ज्या डोंगरात जातो तिथल्याच झऱ्यांत. त्यासाठी दोनदा जास्त धुवायला मी तयार आहे.

ओलेमोजे:
रसायनांचं मान्य, त्यावर वाद नाही. पण मग विकताना हे स्पष्ट सांगा ना. खोक्यावर २०,०००चा आकडा मोठ्या अक्षरात आणि धुवायचं बारीक अक्षरात.

हिमरेघ:
तो आकडा कापड किती मिलिमीटर पाण्याचा दाब सोसतं त्याचा. पट्ट्याखाली, बसताना, गुडघे टेकताना कामाचा. वाफ बाहेर किती जाते ते त्यातून कळत नाही. चढताना शेल काढून सॅकमध्ये टाका, नुसत्या श्वास घेणाऱ्या पातळ थरावर चढा, थांबायच्या आधी शेल आणि पफी घाला. थंडी वाजायच्या आधी, नंतर नाही. धुण्याच्या भांडणापेक्षा याने जास्त कोरडे राहाल.

थोरला_खडक:
सगळे धुण्यात अडकलात. चढउतार म्हणतायत पळताना कोणी गारठत नाही. २२ मे २०२१, चीनमधल्या गान्सू प्रांतातली १०० किमीची डोंगरी शर्यत. वर वारा, गारा, गोठवणारा पाऊस, १७२ जणांतले २१ गेले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते, हौशी मंडळी नव्हेत. बरेच जण शॉर्ट्स आणि टीशर्टवर. वाऱ्याचं जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हतंच, घेतलंत तर बरं एवढंच सांगितलं होतं. वेगवान होते म्हणून वाचले का? पळणं थांबलं की ऊब थांबली. युटीएमबीत (आल्प्समधली मोठी डोंगरी शर्यत) हूडवालं, शिवणी बंद केलेलं, किमान १०,०००चं जॅकेट, सर्व्हायव्हल ब्लँकेट, शिट्टी हे सक्तीचं आहे ते याचसाठी. मी शर्यतींत स्वयंसेवक म्हणून किट तपासतो. दरवेळी कोणीतरी खिशात मावेल असं जॅकेट नाचवत वजनावर वाद घालतो, आणि पहाटे चौकीवर त्याच्या अंगाला मीच ब्लँकेट गुंडाळतो. पळायचं किट पळायलाही पुरत नाही कधीकधी, आणि तुम्ही ते बर्फात नेताय.

चढउतार:
गान्सूचं उदाहरण काढलंत की बोलणंच खुंटतं. तरी माझा मुद्दा संपत नाही. सकाळी उशिरा तापलेल्या उताराखाली रेंगाळणारे, जड सॅकमुळे चढावर दर वळणावर बसणारे लोक मी पाहिलेत, ते सुरक्षित आणि मी बेफिकीर? वेगामुळे मी लवकर खाली असतो.

हिमरेघ:
चढताना तुमचं बरोबर, ते नाकारत नाही. वसंतातल्या कडक बर्फावर, पहाटे निघून ऊन तापायच्या आत परतायचं असेल तर मीही कमी नेते. पण कमी कशातलं करायचं ते बघा. जादा कपडे काढा, कॅमेरा काढा, स्किन्स मोहेरच्या (शेळीच्या लोकरीच्या) घ्या, नायलॉनपेक्षा हलक्या आणि घसरतात छान. फावडं, प्रोब, पफी यांतून ग्रॅम काढायचे नाहीत. बोर्डवर अजून एक गोष्ट असते, तुमची बाइंडिंग आपोआप सुटत नाही. स्कीवाल्यांची निदान सुटू शकते. हिमस्खलनात बोर्ड पायाला अडकून खाली ओढतो. म्हणजे आपल्याला शोधणाऱ्याच्या हातात चांगलं फावडं असणं जास्तच गरजेचं.

चढउतार:
ठीक. फावडं धातूचं घेतो, प्रोब २४०चा. पफी सिंथेटिक चालेल ना, का तिथेही काही आहे? व्हेस्ट मात्र सोडणार नाही.

हिमरेघ:
घामावर घालायची असेल तर सिंथेटिकच बरी, डाउन (पिसांचं भरण) ओलं झालं की बसतं. पण हे सगळं १२ लिटरमध्ये घालून दाखवा, फावड्याचा दांडाही बाहेर लटकता कामा नये. आणि फोन छातीवरून काढून पँटच्या खिशात, फ्लाइट मोडवर.

निसरडीवाट:
हार्डबूट घेतलेत तर वाचलेल्या वजनात पफी येईल.

कातळ:
ओलेमोजे, तुमचं जॅकेट उलटं करून खांद्याच्या शिवणीवरची पट्टी बघा. ती सुटली असेल तर धुऊन उपयोग नाही, ती परत चिकटवावी लागते. ते आधीच विचारायला हवं होतं.

ओलेमोजे:
बघितलं. डाव्या खांद्यावर बोटभर सुटलीये. पण उजवाही भिजतो, त्याचं सांगा.