मदत हवी आहे: सायकल संस्थेच्या विश्वस्त मंडळावर सभासदांचे प्रतिनिधी कसे निवडावेत?

नमस्कार मंडळी,

आमची सायकलस्वारांची धर्मादाय संस्था आहे. विश्वस्त नऊ. आजवर जुने विश्वस्तच नवे विश्वस्त घेत आले. यंदा सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की त्यातल्या तीन जागा सभासदांनी मतदान करून भरायच्या. नियमांचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय.

सभासदांत मोठा गट लांब पल्ल्याच्या रायडर्सचा आहे. 200 किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड, साडेतेरा तासांच्या आत पुरी करणारी ही माणसं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जुन्या सायकली दुरुस्त करून मुलांना देणारे, मोठ्या वयाच्या बायकांना सायकल शिकवणारे, रोज सायकलने कामावर जाणारे, हेही सभासदच आहेत. आणि धर्मादाय म्हणावं असं काम जास्त करून यांच्याच हातून होतं.

मागे एका समितीची निवड हात वर करून झाली होती. दुरुस्तीच्या टेबलावर नेमाने बसणाऱ्या एक ताई माझ्या शेजारी होत्या, नखांत चेनचं काळं ग्रीस तसंच. त्यांनी हात खांद्यापर्यंत नेला, पुढच्या रांगेतल्या राइड लीडरने मागे वळून पाहिलं, आणि तोच हात चष्मा सारखा करून खाली आला. म्हणून गुप्त मतदान मी मसुद्यात लिहून टाकलंय. त्यावर माघार घेणार नाही.

अडलंय ते पुढे. प्रत्येकाला तीन मतं दिली तर तिन्ही जागा एकाच गटाला जातील ना? आणि मंडळाचं म्हणणं आहे की दरवर्षी एकच जागा भरावी, म्हणजे अनुभवी माणसं टिकतात. शिवाय उमेदवारांची छाननीही मंडळच करणार म्हणतंय. कोणी असे नियम केले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

भीती खरी आहे. समजा 120 जणांनी मत दिलं, त्यातले 65 रायडर्स. प्रत्येकाला तीन मतं असली आणि रायडर्स एकदिलाने राहिले, तर तिन्ही जागा त्यांच्या; उरलेल्या 55 जणांना काहीच नाही. पसंतीक्रमाने मतदान घ्या: 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. कोटा म्हणजे एक जागा जिंकायला लागणारी मतं. तो काढताना वैध मतांना जागा अधिक एकने भागायचं आणि एक मिळवायचा. 120 भागिले 4, अधिक 1, म्हणजे 31. 65 मध्ये 31 दोनदा बसतात, 55 मध्ये एकदाच; म्हणून 65 वाल्यांच्या दोन जागा येतात, 55 वाल्यांची एक.

पण तिन्ही जागा एकदम भरल्या तरच! दरवर्षी एक भरलीत तर कोटा 61 होतो आणि लहान गट दरवर्षी हरतो. अनुभवाची काळजी मंडळाने उरलेल्या सहा जागांवर घ्यावी, त्या टप्प्याटप्प्याने बदलता येतात.

छाननी फक्त पात्रतेची ठेवा: सभासदत्व चालू आहे का, सूचक-अनुमोदक आहेत का, कायद्याने अपात्र तर नाही ना. ‘योग्य’ कोण ते मतदार ठरवतील. मतमोजणीला निवडणूक अधिकारी बाहेरचा घ्या.

प्रतिसाद २

एक गोष्ट अर्जावरच छापा. निवडून आलेला माणूस विश्वस्त झाला की त्याची बांधिलकी संस्थेच्या उद्दिष्टांशी असते, त्याला मत देणाऱ्या गटाशी नाही. सभासदांचं म्हणणं त्याने मंडळात जरूर मांडावं, पण निर्णय घेताना संस्थेचं हित बघावं. हे आधी सांगितलं नाही तर लोक त्याला आपला वकील समजतात आणि वर्षभरात नाराज होतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दरवर्षी एक जागा भरली की कोटा 61 वर जातो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि मी ती अट जवळजवळ मान्य केली होती. आजच कलम बदलते. एक शंका राहिली: तिघांतल्या कोणी मध्येच राजीनामा दिला तर पोटनिवडणूक एकाच जागेची होईल, मग पुन्हा तोच प्रश्न. त्या वेळी जुन्याच मतपत्रिका पुन्हा मोजून पुढचा उमेदवार घेता येईल का?

प्रतिसाद १

येईल, पण ते नियमांत आधीच लिहिलेलं हवं. आणि मुदत संपेपर्यंत मतपत्रिका सीलबंद जपून ठेवा.